पन्नास नगांच्या लॉटला प्लेटिंग कुठे मिळेल?

सोलापूर म्हटले की चादर आणि टॉवेल डोळ्यांसमोर येतात. परंतु ते विणणारे माग चालते ठेवण्यासाठी लागणारे सुटे भाग तयार करणारी लहान वर्कशॉपही याच शहरात आहेत. अक्कलकोट रस्ता, होटगी रस्ता आणि पुणे महामार्गावरील चिंचोळी येथील औद्योगिक वसाहतींत लेथवर भाग कातला जातो, त्याला आटे पाडले जातात, माप जुळते आणि काम अडते ते शेवटच्या टप्प्यावर. पन्नास नगांना झिंक प्लेटिंग (विजेच्या साहाय्याने चढवलेला जस्ताचा थर) हवे असते किंवा वीस पट्ट्यांना पावडर कोटिंग (रंगाची पूड फवारून भट्टीत पक्का केलेला थर), आणि पलीकडून उत्तर येते की एवढ्यासाठी लाइन लावणे परवडत नाही.

हा टप्पा टाळता येण्यासारखा नसतो. टेरी टॉवेलच्या मागावर सूत ज्या पट्टीवरून सतत घासत जाते, त्या पट्टीला पावसाळ्यात गंज चढला तर तांबूस डाग थेट पांढऱ्या टॉवेलवर उमटतो आणि तो नग चांगल्या मालातून बाजूला काढावा लागतो. पट्टी शंभर रुपयांची असो वा हजाराची, तिच्यावरचा काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर विणणाऱ्याचे नुकसान वाचवतो.

प्लेटिंग करणारा नाही म्हणतो तेव्हा त्याला अडेलतट्टू समजण्याआधी त्याची लाइन नीट पाहिली पाहिजे. उदाहरणार्थ, झिंक प्लेटिंगची लाइन घ्या. भाग आधी ग्रीस काढणाऱ्या द्रावणात जातो, मग पाण्यात, मग गंज काढणाऱ्या ॲसिडमध्ये, पुन्हा पाण्यात, त्यानंतर झिंकच्या टाकीत आणि शेवटी पॅसिव्हेशनमध्ये, म्हणजे झिंकचा थर टिकवणाऱ्या द्रावणात. नग पाच असोत वा पाच हजार, टाक्या तितक्याच, रसायनांची देखभाल तितकीच आणि धुतलेल्या पाण्यावरील प्रक्रियाही तीच. लहान भाग ज्या फिरत्या बॅरलमध्ये टाकतात, त्याची तर आणखी एक अडचण आहे. बॅरलमध्ये माल फारच थोडा असेल, तर भागांचा विजेच्या अग्राशी सलग संपर्क राहत नाही आणि थर कुठे जाड, कुठे पातळ बसतो. म्हणून अनुभवी कारागीर अशा वेळी भंगारातले तुकडे डमी म्हणून सोबत फिरवतात. मात्र त्या डमीवर बसलेल्या झिंकचा खर्च कोणीतरी द्यावाच लागतो.

पावडर कोटिंगमध्ये अडचण रंगाची असते. एका रंगावरून दुसऱ्यावर जाताना बूथ, गन, पाइप आणि पावडरची टाकी स्वच्छ करावी लागते. थोडी जुनी पावडर राहिली तरी पांढऱ्या पृष्ठभागावर काळे ठिपके दिसतात. त्यामुळे वीस पट्ट्यांसाठी खास रंग मागणारा ग्राहक प्रत्यक्षात त्या कारखान्याचे काम काही काळ थांबवत असतो. तीच पट्टी, ज्या दिवशी तिथे कपाटांचा करडा किंवा ग्रिलचा काळा रंग चालू आहे त्या दिवशी पाठवली आणि तोच रंग मान्य केला, तर ती चालू मालाबरोबर टांगली जाते आणि साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या त्याच भट्टीतून बाहेर पडते. लहान लॉटचा मार्ग बहुतेक वेळा इथेच सापडतो: आपले काम त्याच्या चालू कामात बसवण्यात. त्यासाठी स्टीलची कपाटे, ग्रिल किंवा पॅनेल बॉक्स करणाऱ्यांना त्यांचे कोटिंग कुठे होते हे विचारणे, कोणत्याही यादीतील फोन क्रमांक फिरवत बसण्यापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते. हार्ड क्रोम, इलेक्ट्रोलेस निकेल किंवा ॲल्युमिनियमचे ॲनोडायझिंग यांसारखे खास संरक्षक थर हवे असतील, तर सुमारे अडीचशे किलोमीटरवरील पुण्याच्या भोसरी-पिंपरी पट्ट्यात पर्याय अधिक मिळतात. तिथे मात्र वाहतुकीचा खर्च गृहीत धरूनच दर ठरवावा लागतो.

विचारणा कशी केली जाते यावरही होकार-नकार अवलंबून असतो. धातू कोणता, वजन किती, थर किती मायक्रॉनचा, भाग टांगण्यासाठी छिद्र कुठे आहे, कोणत्या जागी थर बसता कामा नये आणि हे काम पुन्हा येणार आहे का, एवढे ड्रॉइंगसह लिहून दिले की समोरचा माणूस अंदाजाऐवजी हिशेब करू शकतो. बिडाचा भाग असेल तर ते सांगणे अत्यावश्यक आहे, कारण अल्कलाइन झिंकच्या टाकीत बिडावर थर नीट धरत नाही. त्याला ॲसिड झिंक लागते. आट्यांच्या बाबतीत तर निष्काळजीपणाला जागाच नाही. बोल्टच्या आट्यावर आठ मायक्रॉनचा थर बसला, तर आट्याचा पिच व्यास (आट्याच्या उतारांवर मधोमध मोजला जाणारा व्यास) त्याच्या चौपट, म्हणजे सुमारे ३२ मायक्रॉनने वाढतो. ही वाढ आधीच धरून आटे पाडले नाहीत तर नट अडतो आणि दोष प्लेटिंगवाल्याच्या माथी येतो.

मागावरील स्प्रिंग आणि कडक केलेले भाग हा वेगळा विषय आहे. ॲसिड आणि प्लेटिंगच्या प्रक्रियेत पोलादात हायड्रोजन शिरतो आणि भाग ताणाखाली अचानक तुटू शकतो. हा हायड्रोजन बाहेर काढण्यासाठी प्लेटिंगनंतर लवकरात लवकर, शक्यतो चार तासांच्या आत, असे भाग साधारण १९० ते २२० अंशांवर काही तास भट्टीत ठेवावे लागतात. जो पुरवठादार काम घेण्यापूर्वी आपणहून भागाची कडकपणाची माहिती विचारतो, त्याच्याकडे दोन पैसे अधिक गेले तरी काम द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शेजारच्या तीन-चार वर्कशॉपनी एकच फिनिश ठरवून माल एकत्र पाठवला, तर किमान लॉटचा आकार वाटून घेता येतो आणि गाडीभाडेही. त्यात माल मिसळण्याची भीती खरी आहे. कागदी चिठ्ठी ॲसिडमध्ये टिकत नाही; म्हणून प्रत्येक जुडग्याला नंबर पंच मारलेला लहान पत्रा तारेने बांधावा.

पुरवठादाराकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र आहे का, हे पाहण्यात संकोच बाळगू नये. इलेक्ट्रोप्लेटिंग लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणकारी उद्योगांच्या, वर्गवारीत येते. त्याचा गाळ घातक कचरा म्हणून अधिकृत ठिकाणीच द्यावा लागतो. पाण्याची ओढ ज्या जिल्ह्याने वर्षानुवर्षे सोसली, तिथे क्रोमियमचे पाणी नाल्यात सोडून मिळणारा स्वस्त दर आपण नाकारलाच पाहिजे.

माल पाठवताना जॉबवर्कचे (आपला माल दुसऱ्याकडून प्रक्रिया करून घेण्याचे) चलन सोबत असावे. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार असा कच्चा माल एक वर्षाच्या आत परत यावा लागतो. सूक्ष्म व लघु उद्योगांना द्यायचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांत देणे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने बंधनकारक आहे. पन्नास नगांच्या लॉटला मात्र एवढी मुदत मागू नये. थर गेजवर तपासून, माल ताब्यात घेतानाच पैसे चुकते केले, तर पुढचा लहान लॉट घ्यायला तोच पुरवठादार तयार होण्याची शक्यता बरीच वाढते.