टंचाईचा हिशेब ऑक्टोबरात मांडा

2016 चा उन्हाळा लातूरकरांना मी काय सांगणार? मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली, 12 एप्रिलला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी (पाण्याच्या टाक्यांचे डबे) होत्या, 5 लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, 25 लाख लिटर. शहर चार लाखांच्या घरातलं. भागाकार करा, माणशी सहा लिटर, म्हणजे जेमतेम अर्धी घागर. त्या गाडीचे उपकार आहेतच. पण एप्रिल उजाडल्यावर धावाधाव करून हातात पडतं ते एवढंच.

खरा निर्णय ऑक्टोबरात होतो. 15 ऑक्टोबरचा साठा धरून पिण्याचं आरक्षण ठरतं, कालवा सल्लागार समिती आवर्तनं, म्हणजे कालव्यात पाणी सोडण्याच्या वेळा, ठरवते. तेव्हा धरणात पाणी दिसत असतं आणि रानात ऊस उभा असतो, म्हणून शहराचा हिशेब पुढच्या पावसाळ्यापर्यंतच मांडला जातो. माझं ठाम म्हणणं आहे की हा हिशेब पुढचा पावसाळाही कोरडा जाणार असं धरून मांडला पाहिजे.

नामिबियाची राजधानी विंडहोक असाच हिशेब करते. तिथला पाऊस लातूरच्या निम्म्याच्या आसपास. शहराची तीन धरणं आहेत. त्यांतलं ओमाताको पसरट आणि उथळ. त्यात पाणी आलं की ते उन्हात तापत ठेवत नाहीत, पंपाने उपसून फॉन बाक या खोल धरणात नेतात. विजेचं बिल सोसतात, पण पाण्याची वाफ होऊ देत नाहीत. आपलं जायकवाडीही पसरट आणि उथळच आहे. पाणी असेल तेव्हा विंडहोक शुद्ध केलेलं पाणी बोअरमधून खडकात साठवून ठेवतं. याची मात्र जशीच्या तशी नक्कल नको, आपला काळा पाषाण तेवढं पाणी धरत नाही. सांडपाणी शुद्ध करून पिण्याच्या पाण्यात मिसळणं तिथं 1968 पासून चालू आहे.

आता आपल्या घरात या. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणार म्हटल्यावर बाई पहाटे उठून काय करते? पिंपातलं उरलेलं पाणी आधी मोरीत ओतते, कारण त्यात अळ्या दिसायला लागलेल्या असतात आणि पुढच्या वेळी पाणी आलंच नाही तर पिंप काठोकाठ भरलेलं हवं. तिला बोल लावू नका. नळाची पाळी लांबवली म्हणजे पाणी वाचलं, हे गणित कागदावरचं आहे. शिवाय रिकाम्या पाइपात फुटक्या जोडातून गटाराचं पाणी शिरतं, ते वेगळंच.

म्हणून कपात करायचीच तर दिवाळीपासून करा, थोडी करा, पण नळाची वेळ ठरलेली ठेवा. आणि धरणात पिण्यासाठी किती दिवसांचं पाणी उरलंय, तो आकडा दर सोमवारी प्रत्येक वॉर्डाच्या फलकावर लिहा. पाण्याच्या टाकीवर कुलूप लावण्याआधी हा फलक लावा.