गाडी कुठं कुठं नेता?

श्रोतेहो, नमस्कार.

साताऱ्यात माझं हेल्मेटचं दुकान आहे. नाव सांगत नाही. रेडिओवर बसून स्वतःची जाहिरात करणं बरं दिसत नाही. गल्ल्यावर बसून बावीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाची पहिली दोन वाक्यं काही बदलली नाहीत. एक, "केवढ्यापर्यंत आहे?" आणि दोन, "काळ्या काचेचं दाखवा." मग मी विचारतो, "गाडी कुठं कुठं नेता?" लोक चमकतात. हेल्मेट घ्यायला आलो, हा पत्ता कशाला विचारतोय?

आमच्या गावात या प्रश्नाला नाना तऱ्हेची उत्तरं मिळतात. कुणी पहाटे चारला दुधाच्या किटल्या लावून निघतो, कुणी एमआयडीसीत रात्रपाळीला जातो. कुणाचा दर शनिवारी कासला फेरा, कुणाची दर आठवड्याला खंबाटकी ओलांडून पुण्याला खेप. मधूनच एखादा पोरगा लडाखची स्वप्नं घेऊन येतो. या सगळ्यांना एकच हेल्मेट कसं देऊ?

सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर मात्र ठरलेलं आहे: "इथल्या इथंच हो." दळण, भाजी, पोरांची शाळा. आणि इथल्या इथं जाणाऱ्याला हवं असतं अर्धं हेल्मेट, टोपीसारखं. कान उघडे, हनुवटी उघडी. डिकीत मावतं, ओळखीच्या माणसाला चेहरा दिसतो, केस फार विस्कटत नाहीत.

अशा माणसाला मी आधी एक हिशोब सांगतो. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर वर असतं. पाय टेकताना खडीवर घसरला, गाडी जागच्या जागी कलंडली आणि डोकं थेट खाली आलं, तर ते ताशी जवळपास २० किलोमीटर वेगानं रस्त्यावर आदळतं. हे गाडीचा वेग शून्य धरून. "मी तीसच्या वर जातच नाही" हे म्हणणं मग कुठं टिकतं?

एवढ्यानं पटलं नाही तर एक गोष्ट सांगतो. टी. ई. लॉरेन्स, अरबस्तानातल्या लढाईमुळे जगभर गाजलेला इंग्रज अधिकारी. मोटरसायकलचा शौक इतका की ब्रफ सुपीरियर कंपनीच्या एकामागून एक गाड्या वापरल्या. मे १९३५ मध्ये डॉर्सेट परगण्यातल्या आपल्या घरातून तो जवळच्या लष्करी छावणीत तार करायला गेला होता. परतताना, घर अगदी जवळ आलेलं असताना, सायकलवरची दोन मुलं समोर आली. त्यांना चुकवताना तो फेकला गेला आणि सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्यांनी पुढे मोटरसायकलवरून निरोप पोचवणाऱ्या सैनिकांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला, तो १९४१ साली छापून आला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्करानं आपल्या निरोप्यांना हेल्मेट सक्तीचं केलं. म्हणजे हेल्मेटसक्ती ही काही पुणेकरांना छळायला निघालेली गोष्ट नाही, तिचं मूळ बरंच लांबचं आहे. लॉरेन्सही त्या दिवशी इथल्या इथंच गेला होता.

अर्धं हेल्मेट मी दुकानात ठेवत नाही. त्यात धंद्याचं नुकसान आहे, घरात बोलणीही खाल्ली आहेत.

त्याच्या वरची पायरी ओपन फेस. कान झाकतं, मानेकडची बाजू झाकते, तोंड मोकळं राहतं. गावातल्या गावात स्कूटर चालवणाऱ्याला, ज्याचा बंद हेल्मेटमध्ये खरंच जीव घुसमटतो त्याला, मी ते देतो. पण देताना हनुवटीवर बोट ठेवतो. जर्मनीत हॅनोव्हरला अपघातातल्या हेल्मेटचा अभ्यास झाला, त्यात जवळपास एक तृतीयांश मार हनुवटीच्या भागात बसलेला आढळला. माणूस पडतो तेव्हा पुढं फेकला जातो, तोंड पुढंच असतं, यात नवल काहीच नाही. जबड्यात तारा घातलेली, महिनाभर नळीनं पेज पिणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यातला एक माझा मेहुणा.

म्हणून दहातल्या सात-आठ जणांना मी फुल फेसच काढून दाखवतो. साधं, स्वच्छ काचेचं, वजनाला फार जड नसलेलं, आतलं अस्तर काढून धुता येणारं. अस्तराचं मुद्दाम सांगतो, कारण माण-खटावच्या उन्हात एप्रिल-मे महिन्यात घामानं हेल्मेटला असा वास सुटतो की माणूस ते घरीच ठेवायला लागतो. घरी खुंटीला टांगलेलं पाच हजाराचं हेल्मेट काय कामाचं? कपाळावर आणि मागं हवेची भोकं आहेत का बघा. मागची भोकं नसतील तर पुढून आलेली हवा जाणार कुठं?

आता काळ्या काचेबद्दल. रात्रपाळीवाला असो, दूधवाला असो, नाहीतर क्लास सुटल्यावर अंधारात घरी येणारी मुलगी असो, काळी काच घेऊ नये. आमच्या भागात ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की रात्री रस्त्यावर ट्रॉल्या असतात. एकामागं एक दोन जोडलेल्या, वाढं बाहेर लोंबतंय, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला. उघड्या डोळ्यांनासुद्धा ती ट्रॉली ऐन वेळी दिसते. काळ्या काचेतून ती दिसतच नाही, आणि संध्याकाळी काच वर करून गाडी चालवली तर चिलटं डोळ्यांत जातात. दुपारच्या उन्हाचा त्रास होत असेल तर आत सरकणारी छोटी गॉगलची काच असलेलं हेल्मेट मिळतं. कडेची कळ सरकवली की खाली, उलट सरकवली की वर. ते घ्या.

हायवेवाल्यांचं गणित वेगळं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदीच आहे, पण पुणे-बेंगळुरू महामार्गावर आमची मंडळी तासन् तास ऐंशी-नव्वदनं जातात. तिथं दोन शत्रू, वारा आणि आवाज. हेल्मेट सैल असेल तर वारा ते मागं ओढतो, पट्टा गळ्याला काचतो, आणि पुण्याला पोचेपर्यंत मान आखडते. आवाजानं येणारा थकवा तर लक्षातही येत नाही. माणसाला वाटतं आपण झोपेमुळं दमलोय. अशा माणसानं गोलसर, गुळगुळीत पाठीचं, काच घट्ट बसणारं हेल्मेट घ्यावं. वर शिंगं, तुरे, कॅमेरे चिकटवू नयेत. पट्ट्याला दोन कड्यांची गाठ असलेलं मिळालं तर उत्तम, नाहीतर दात्यांची पट्टी सरकवायचं लॉक चालतं. ते रोजच्या वापराला सोपं पडतं, पण आपोआप आवळलं जात नाही, पट्टा नीट आवळलाय ना ते आपणच बघायचं.

चष्मेवाले आणि सारखं थांबणारे, म्हणजे औषधांचे एमआर, कुरिअरवाले, यांना फ्लिप-अप आवडतं. पुढचा जबडा वर उचलला की चहाही पिता येतो आणि पत्ताही विचारता येतो. मात्र ते साध्या फुल फेसपेक्षा जड असतं, आणि जबडा वर करून गाडी चालवायची नाही. युरोपच्या प्रमाणाचं हेल्मेट असेल तर पट्ट्यावरच्या चिठ्ठीत 'पी' आणि 'जे' अशी अक्षरं असतात. दोन्ही असतील तरच ते दोन्ही तऱ्हेनं, म्हणजे जबडा खाली आणि जबडा वर, तपासलेलं आहे. आमच्याकडे लोक भर हायवेला तोंड उघडं टाकून जातात, त्याला काय म्हणावं!

कासवाले आणि लडाखवाले छज्जाचं, म्हणजे कपाळावर छपरासारखी पट्टी पुढं आलेलं हेल्मेट मागतात, फोटोत छान दिसतं म्हणून. छज्जाचं काम खरं आहे. मातीच्या रस्त्यावर पुढच्या गाडीचे खडे अडतात, संध्याकाळी समोरून येणारं ऊन अडतं. पण त्याच छज्जात हायवेला वारा भरतो आणि डोकं वर उचललं जातं. लडाखला गाडी रेल्वेनं पाठवणार की साताऱ्यापासून चालवत नेणार, हे मी म्हणूनच विचारतो. चालवत नेणार असाल तर छज्जा स्क्रूनं काढता येतो ना, ते बघून घ्या. कासचं दुखणं वेगळं: जून ते सप्टेंबर तिथं ढग रस्त्यावर उतरतात आणि काचेवर आतून वाफ धरते. त्यावर पिनलॉक नावाची आतली दुसरी काच मिळते. दोन काचांमध्ये हवा अडकून राहते आणि आतली बाजू थंड पडत नाही, म्हणून वाफ धरत नाही. पण ती बसवायला मूळ काचेला आधीपासून खुंट्या असाव्या लागतात. ते विकत घेतानाच बघायचं, घाटात पोचल्यावर नाही.

प्रकार ठरला, आता माप. इथं माझी सगळ्यात जास्त भांडणं होतात.

शिंपी वापरतो ती फीत घ्या. भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून, मागं जिथं डोकं सगळ्यात जास्त बाहेर येतं तिथून फिरवा. जो आकडा येईल तो कागदावर लिहून दुकानात जा. 'मला लार्ज लागतं' असं सांगू नका. एका कंपनीचं मीडियम ते दुसऱ्या कंपनीचं लार्ज असतं. शिवाय डोक्याचा घेर सारखा असला तरी आकार सारखा नसतो. कुणाचं डोकं पुढून मागं लांबट, कुणाचं नारळासारखं गोल. लांबट डोक्याला गोल हेल्मेट घातलं तर कपाळ दुखतं आणि कानांकडे पोकळी राहते.

नवं हेल्मेट घातल्यावर गाल दबले पाहिजेत, पुरी फुगल्यासारखे. गिऱ्हाईक म्हणतं, "आवळतंय, मोठं द्या." मी म्हणतो, दहा मिनिटं घालून बसा, चहा मागवतो. दहा मिनिटांनी कपाळावर एकाच जागी लाल वळ उठला आणि तिथंच ठणकलं तर आकार चुकला. गाल नुसते दबले असतील तर ते दोन आठवड्यांत सैलावतात, गादी बसते. मग पट्टा लावून मान खाली घाला आणि कुणाला तरी मागून हेल्मेट पुढं ओढायला सांगा. निघून आलं तर तो नग परत कपाटात. माझ्या दुकानात चहाचा खर्च जास्त आहे तो यामुळं.

बायकांसाठी एक वेगळं सांगायचंय. अंबाडा किंवा उंच बांधलेली पोनी असेल तर हेल्मेट डोक्यावर बसत नाही, केसांवर बसतं. वेणी खाली मानेशी घाला. आणि रोज स्कार्फ बांधत असाल तर माप घेताना, घालून बघताना तोच स्कार्फ बांधून या.

हेल्मेटच्या आत असतो तो थर थर्माकोलचाच, फक्त जास्त घट्ट. आदळताना तो दबतो आणि डोक्याला थांबायला क्षणभर जास्त वेळ मिळतो, कारागिरी एवढीच. पण दबलेला थर परत फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकाचक दिसलं तरी बदलायचं. पेट्रोलनं किंवा थिनरनं पुसायचं नाही, त्यानं कवच ठिसूळ होतं. आयएसआयच्या खुणेबद्दल थोडक्यात: १ जून २०२१ पासून देशात दुचाकीचं प्रत्येक हेल्मेट आयएस ४१५१ या प्रमाणाचंच विकावं असा नियम आहे. खुणेजवळ परवान्याचा क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या मोबाइलवरच्या बीआयएस केअर ॲपमध्ये घालून बघता येतो. रस्त्याकडेला दोरीवर लटकणाऱ्या दोनशे रुपयांच्या मालावर खूण असते, क्रमांक घातला की खरंखोटं कळतं.

परवाची गोष्ट सांगतो आणि थांबतो. एक जोडपं आलं होतं, वाईकडचं. त्यानं स्वतःसाठी साडेतीन हजाराचं फुल फेस पसंत केलं, चांगली निवड होती. मग म्हणाला, "आणि हिच्यासाठी काहीतरी हलकंसं द्या, पोलिसापुरतं. ही मागंच बसते." मी फीत काढली आणि वहिनींच्या डोक्याचं माप घेतलं. ५५ सेंटिमीटर. बारीक माप, त्यात फुल फेसचा एकच नग शिल्लक होता, लाल रंगाचा. वहिनींनी तो घातला, पट्टा लावला, मान हलवून बघितली आणि काढलाच नाही. नवरा पैसे मोजत होता तेव्हाही त्या तशाच उभ्या, काच खाली ओढून.

नमस्कार.