पोट फुटलेला बांगडा

हर्णै बंदर. होड्यांतून बांगड्याच्या पाट्या वाळूवर उतरल्यात, लिलावाला तोंड फुटलंय. या गर्दीत एक बाई बांगडा उचलते, कल्ला उघडून बघते, मग अंगठ्याने पोट दाबते. पोट लिबलिबीत लागलं, की पाटी सोडून पुढे.

अंगठा बरोबर जागी पडतो. भरपेट खाल्लेला बांगडा जाळ्यात सापडला, तर त्याच्या आतड्यात पाचक रस तयारच असतात. मासा मेला तरी त्या रसातली विकरं, म्हणजे एन्झाइम, थांबत नाहीत. ती माशाचीच पोटाची भिंत पचवायला घेतात. उन्हात तर हे फार झपाट्याने होतं. बर्फाने विकरं मरत नाहीत, नुसती मंदावतात.

विकर म्हणजे बहुधा प्रथिनाचा रेणू. त्याला एक खाच असते आणि तिच्यात ठरावीक रेणूच बसतो. अडकित्त्यात सुपारी कातरली जाते, अडकित्ता पुढच्या सुपारीला तसाच तयार, तसंच हे. फक्त हा अडकित्ता सेकंदाला शेकडो रेणू कातरू शकतो.

आता दुपारचं ताट. उकड्या तांदळाचा भात, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, सोलकढी. भाताची सुरुवात तोंडातच होते. लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडतं, म्हणून घास बराच वेळ चावला की गोडूस लागतो. बांगड्याची पाळी जठरात. तिथलं पेप्सिन जबर आम्लातच चालतं. १८३६ साली थिओडोर श्वान यांनी ते शोधून त्याला नाव दिलं. पण प्रथिनं तोडणारा हा पदार्थ प्रथिनांच्याच पेशींत ठेवायचा कसा? शरीर तो निष्क्रिय रूपात बनवतं. आम्लात उतरल्यावरच तो कामाला लागतो, आणि जठराच्या भिंतीवर चिकट श्लेष्माचा थर असतो तो वेगळाच.

सोलकढीला आपण पाचक म्हणतो. तोंडाला पाणी सुटतं हे खरं, पण जठरातल्या आम्लापुढे आमसुलाचा आंबटपणा किस झाडकी पत्ती! उलट तिच्यातल्या नारळाच्या रसाची चरबीच पचवावी लागते. पित्त त्या चरबीचे बारीक थेंब करतं. पित्तात विकर नसतं. चरबी फोडतं ते स्वादुपिंडाचं लायपेज. तेव्हा सोलकढी प्यावी ती चवीसाठी, आणि दोन वाट्या प्यावी.

स्वादुपिंडाचं खरं जोखमीचं विकर म्हणजे ट्रिप्सिन. तेही निष्क्रियच बाहेर पडतं. लहान आतड्याच्या तोंडाशी दुसरं एक विकर त्याचा छोटा तुकडा छाटतं, तेव्हा ते जागं होतं आणि बाकीच्यांनाही जागं करतं. पित्ताचा खडा वाटेत अडकला, किंवा दारू फार झाली, तर कधी हे सगळं स्वादुपिंडाच्या आतच सुरू होतं, आणि जिवंत माणसाचा अवयव स्वतःलाच पचवू लागतो. वरच्या पोटात असह्य कळ, ती पाठीकडे जाणारी, सोबत उलट्या. अशा वेळी ओवा चघळत बसायचं नाही. गाडी काढायची आणि थेट रुग्णालय गाठायचं.