फियाटचं हेड घरी उतरवताना

(सांगलीत जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, चार जुने गाडीवाले जमले की एक प्रश्न हमखास निघतो: हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग, घरी, अंगणात उतरवता येतं का? येतं. फियाट पद्मिनीचं तर सोयीनं येतं. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं इंजिन. वॉल्व्ह उघडायला लावणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, खाली ब्लॉकमध्ये (सिलिंडर असलेल्या मुख्य भागात), वर फक्त पुशरॉड, रॉकर आणि वॉल्व्ह. त्यामुळे टायमिंग चेनला हात न लावता हेड मोकळं होतं. मारुती ८०० चा कॅम हेडमध्येच बसलेला असतो. तिथे आधी टायमिंग बेल्ट काढा, खुणा जुळवा, आणि बसवताना एक दात इकडचा तिकडे झाला की झालं कल्याण! शिकायचं असेल तर फियाटवर शिका.

माझं म्हणणं मात्र वेगळं आहे. आपण हेड काढतो ते गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधला सांधा बंद करणारा पातळ थर, बदलायला. नवीन गॅस्केट पडतं, गाडी चालू होते, आणि उन्हाळा आला की पुन्हा तेच रडगाणं. अहो, चांगलं बसवलेलं गॅस्केट उगाच उडत नाही, त्यामागे काहीतरी कारण असतं. ते कारण हेड उचलल्यावर डोळ्यांना दिसतं, आणि आपण घाईघाईनं सगळं घासून चकाचक केलं की पुसलं जातं. पोलीस पंचनाम्याआधी जागा धुऊन काढत नाहीत. आपणही काढू नये.

आता पंचनाम्याच्याही आधीचं. हेड काढायलाच हवं का? चारही प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर मेलेले आणि बाकीचे दोन ठणठणीत असतील, तर त्या दोघांमधलं गॅस्केट गेलंय असं बहुतेक खात्रीनं धरा. एकच कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष पिस्टनभोवतीच्या रिंगांचा, हेड काढून भागणार नाही. आकडा हललाच नाही तर संशय वॉल्व्हवर किंवा गॅस्केटवर. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, कुठे गळती नसताना पाणी कमी, ऑइलच्या झाकणाखाली पांढुरका लगदा, ही लक्षणं तुम्हाला पाठ असतील.

ठरलं, तर इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. यात तडजोड नाही. ब्लॉक लोखंडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. अॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. गरम हेडचे नट सोडले की ते वाकडं व्हायला मोकळं.

बॅटरी काढा, पाणी सोडा, कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डची जोडणी सोडवा, प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. रॉकर शाफ्ट उतरला की पुशरॉड. ते सरळ उपसू नका. आधी जरा फिरवा, कारण तेलामुळे खालचा टॅपेट (कॅमवर टेकणारा तुकडा) चिकटून वर येतो. खोक्याच्या पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात क्रमानं खोचून ठेवा. ज्या जागी झिजलाय त्याच जागी तो परत जायला हवा.

नट सोडायचे टोकांकडून मध्याकडे, अर्धा-अर्धा आटा, सगळ्यांवर फेऱ्या मारत. एकच नट एकदम मोकळा केला तर शेजारच्यांवर ताण येतो. आवळताना उलट, मध्यापासून बाहेर, टॉर्क रेंचनं (किती आवळलं ते मोजणाऱ्या पान्यानं), दोन-तीन टप्प्यांत.

आणि आता हेड हलत नाही! इथे माणसं स्क्रूड्रायव्हर सांध्यात ठोकतात. बाबांनो, नको. त्या एका ओरखड्यातून पुढे कॉम्प्रेशन निसटतं. अॅल्युमिनियम स्टडभोवती गंजून धरून बसलेलं असतं. तिथे पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, संध्याकाळपर्यंत थांबा, लाकडी मोगरीनं कडेकडेनं ठोका. तरीही ऐकलं नाही तर पिस्टन खाली असताना प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत भरा, टोक बाहेर ठेवा, आणि क्रँक पान्यानं हातानं फिरवा. पिस्टन वर येतो, दोरी दाबतो, दोरी हेड उचलते. सांध्याला हत्यार लागतच नाही.

हेड सरळ वर उचलून लाकडी ठोकळ्यांवर पालथं ठेवा. आणि मग चहा प्या. खरंच सांगतो, फडकं हातात घेऊ नका. आधी चारही पिस्टनचे माथे बघा. तीन काळे आणि एक धुतल्यासारखा लख्ख असेल, तर त्यात पाणी जात होतं. वाफेनं काजळी धुतली. गॅस्केटवर दोन भोकांमधल्या पट्टीत जळका काळा रस्ता दिसला, तर वायू तिथून गेला. मग हेडच्या पाण्याच्या भोकांच्या कडा बघा. आपल्याकडे इथेच खरी गोम असते.

मिरज, वाळवा, पलूस भागातल्या क्षारपड रानांतल्या विहिरीचं, बोअरचं पाणी आपण वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओततो. क्षार आत थर धरतात, पाणी फिरायचं कमी होतं, अॅल्युमिनियम कडेनं खाल्लं जातं. मग घाट चढताना गाडी उकळते आणि नाव घाटाचं होतं. घाटानं फक्त बिंग फोडलं! उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडू नका हे वेगळं सांगत नाही, पण तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणं त्याहून महागात पडतं. हेडला चीर जाते.

कडा खाल्लेल्या असतील तर नुसतं गॅस्केट टाकून उपयोग नाही. सरळ पट्टी हेडच्या तोंडावर लांबीत, रुंदीत आणि तिरपी ठेवून तिच्याखाली फीलर गेज (ठरलेल्या जाडीची पाती) घाला. ०.०५ मिलिमीटरचं पातं कुठेच शिरलं नाही तर निर्धास्त. ०.१० चं शिरलं तर फेसिंगला, म्हणजे तोंड घासून सपाट करायला, द्या, आणि कारागिराला सांगा, लागेल तेवढंच काढ. कारण आज घेतलेला थर पुढच्या वेळी मिळत नाही, आणि कॉम्प्रेशनही वाढत जातं.

कुणीतरी विचारलंय, गॅस्केटला शेलॅक (सांधा बंद करणारी चिकट लाख) लावायचं का? पाकिटावर कोरडं बसवा लिहिलं असेल तर कोरडंच. रेडिएटरमध्ये कूलंट घालायचं तर शुद्ध पाण्यात मिसळून. जुन्या पद्धतीचं गॅस्केट असेल तर थोडी गाडी चालल्यावर, इंजिन पूर्ण थंड असताना, हेड पुन्हा आवळावं लागतं. आणि त्यानंतर टॅपेटची गॅप (रॉकर आणि वॉल्व्हमधली फट) परत मोजा. हेड दबलं की ती बदललेली असते.