वाऱ्याने चिरलेलं लाकूड

मंडळी, पत्रिकेवर ‘एका लाकडी पवनचक्कीचा इतिहास’ असं छापलंय, आणि मघाशी चहाला एक काका विचारत होते, म्हणजे चाळकेवाडीसारख्या का हो? नाही हो काका. त्या वीज करतात, ही लाकूड चिरते. हॉलंडमधली पवनचक्की म्हटली की आपल्याला दळणच सुचतं, आणि नेमका हाच गैरसमज मला आज खोडायचाय.

पण आधी माझं दुखणं ऐका. पाच वर्षांपूर्वी आम्ही दोघं ग्रुप टूरने अॅमस्टरडॅमजवळ झान्से स्खान्सला गेलो. झान नदीच्या काठावर हिरव्या लाकडी घरांची रांग आणि पवनचक्क्या. टूरवाल्याने एकूण पन्नास मिनिटं दिली, त्यातली पंचवीस चीजच्या दुकानात गेली, दहा लाकडी बूट करून दाखवतात तिथे, आणि दहा टॉयलेटच्या लाइनीत, त्यालाही सुट्टे पैसे! उरली पाच. आमचे सहप्रवासी म्हणाले, अहो पाच मिनिटांत फोटो निघतो की. मी म्हटलं बस गेली तर गेली, आणि सरळ आत घुसलो. (बस थांबली होती. बायको मात्र दोन दिवस बोलली नाही, म्हणजे तशी ट्रिप शांततेत झाली.)

त्या चक्कीचं नाव हेत योंगे स्खाप, म्हणजे तरुण मेंढी. मूळची 1680ची, 1942मध्ये पाडली, पण पाडण्याआधी कोणीतरी शहाण्याने मापं घेऊन ड्रॉइंग करून ठेवली होती, त्यावरून 2007मध्ये जशीच्या तशी परत उभी केली. आत गेलो आणि पहिल्यांदा वास आला, ओल्या लाकडाचा, थेट आमच्या आजोबांच्या वखारीचा. आजोबांची सावंतवाडीला वखार होती, तिथे ओंडका घोडीवर चढवायचा, एक गडी वर, एक खाली, मध्ये ही लांब करवत, दिवसभर खर्र खर्र, आणि खालच्याच्या डोळ्यात भुसा. तो बिचारा वरच्याला ज्या शिव्या घालायचा त्या इथे सांगत नाही, पहिल्या रांगेत वहिनी बसल्यात.

आणि इथे खाली कोणी नाहीच! वर पाती फिरतायत, पायाखालची फळी थरथरतेय, आणि चौकटीत बसवलेल्या करवतीच्या पात्यांचा अख्खा जुडगा आपला आपण वर-खाली होतोय. दर फेऱ्याला एक लोखंडी खटका दातेरी चाकाला एक दात पुढे ढकलतो, की ओंडका बोटभरसुद्धा नाही, जरासाच सरकतो. टक्, सरकला. टक्, सरकला. चाकाच्या लाकडी दातांना मधमाश्यांचं मेण लावतात, आणि मोठ्या आसाला डुकराची चरबी. हे ऐकून आमच्या ग्रुपमधल्या एका जैन काकूंनी कठडाच सोडला.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, सात मिनिटं उरलीत. म्हणजे मुख्य मुद्दा आता पळवतच सांगतो.

ही करामत उइटखेस्ट गावच्या कॉर्नेलिस कॉर्नेलिसझूनची. 1593मध्ये त्याला वाऱ्यावर चालणाऱ्या लाकूड-गिरणीचं पेटंट मिळालं, 1597मध्ये त्यातल्या क्रँकशाफ्टचं, म्हणजे वाकड्या दांड्याचं. पाती गोल फिरतात आणि करवत तर वर-खाली हवी, ते जमवतो क्रँक. तुमच्या स्कूटरच्या इंजिनातही तोच बसलाय, फक्त उलटं काम करतो.

अॅमस्टरडॅमच्या लाकूड चिरणाऱ्यांच्या संघाने अर्थातच विरोध केला, पोटावर पाय येत होता ना, मला त्यांचंही चूक वाटत नाही. मग धंदा झानकडे सरकला, तिथे असा संघ नव्हता. 18व्या शतकात त्या एवढ्याशा पट्ट्यात सहाशेच्या आसपास चक्क्या होत्या, लाकूड, तेल, रंग, कागद, सगळं वाऱ्यावर. फळ्या स्वस्त आणि झटपट मिळाल्या म्हणून जहाजं भराभर बांधता आली, आणि तीच डच जहाजं आपल्याकडे आली. 1637मध्ये त्यांनी वेंगुर्ल्याला वखार घातली. पडके अवशेष अजून आहेत, जाऊन बघा. आमच्या आजोबांचीही वखारच, पण माल वेगळा!

बेल वाजली, थांबतो. तेवढं एकच, मघाशी फिरवायला दिलेली ती भुशाची पुडी मागच्या रांगेपर्यंत पोचली असेल तर वास घेऊन परत पाठवा. आणि शिंकू नका हो, एवढाच भुसा आणलाय तिथून.