किटवर क्लोरीन तीन, तरी पाणी हिरवं

मंडळी, समोर सोसायट्यांच्या कमिटीवरची माणसं बसली आहेत, काहींचे अलिबाग-लोणावळ्याला बंगले आहेत आणि स्विमिंग पूलचे ऑपरेटर मात्र मागच्या रांगेत. खरं तर त्यांनी पुढे यायला हवं होतं, पाण्यात हात तेच घालतात. चिठ्ठ्यांमधून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: "रोज गोळ्या टाकतो, पाणी तपासायच्या किटवर क्लोरीन तीन दाखवतो, तरी शेवाळ का?"

उत्तर त्या गोळ्यांतच आहे. फ्लोटरमधली, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या डबीतली, पांढरी गोळी म्हणजे टीसीसीए, ट्रायक्लोरोआयसोसायन्यूरिक ॲसिड. क्लोरीनबरोबर ती सायन्यूरिक ॲसिडही पाण्यात सोडते; बाजारात त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. आपल्याकडच्या उन्हात नुसता क्लोरीन काही तासांत उडून जातो, स्टॅबिलायझर त्याला धरून ठेवतं. 30 ते 50 पीपीएमपर्यंत (म्हणजे लिटरमागे तितके मिलिग्रॅम) ते कामाचं. पण क्लोरीन खर्च होतो, हे होत नाही. पाण्याची वाफ होते, हे मागेच राहतं. गोळ्यांमधून 10 पीपीएम क्लोरीन दिला की साधारण 6 पीपीएम स्टॅबिलायझर जमा होतं. रोजचा खप 2 पीपीएम धरा, म्हणजे महिन्याला 36. दिवाळीला ताजं पाणी भरलं असेल, तर बॅकवॉशमध्ये, म्हणजे फिल्टर उलटा धुताना, थोडं गेलं तरी होळीपर्यंत ते शंभर सहज ओलांडतं. मग किटवर तीन दिसतो खरा, पण त्यातला बहुतेक क्लोरीन बांधलेला असतो. शेवाळाचा वाढण्याचा वेग त्याला आवरत नाही.

यावर रोजच्या वापरातलं औषध नाही. थोडं पाणी काढून नवीन भरायचं, एवढंच. आता एप्रिल-मेमध्ये तलावांची पातळी रोज पेपरात छापून येत असताना "अर्धा पूल रिकामा करा" हे मॅनेजिंग कमिटीला सांगायची हिंमत माझ्यात नाही. म्हणून गोळ्या कायमच्या नकोतच. स्टॅबिलायझर पन्नासला पोचलं की लिक्विड हायपोवर, म्हणजे कॅनमधल्या सोडियम हायपोक्लोराइटवर, या. लिक्विड रोज घालावं लागतं, कॅन जड असतात, ठेवून ठेवून त्याचा दम जातो, सगळं मान्य. पण ते मागे स्टॅबिलायझर सोडत नाही.

आणि किट कुठलं आहे तेही बघा. पिवळा रंग देणारं स्वस्त किट एकूण क्लोरीन मोजतं. घाम आणि लघवीशी जुळून निकामी झालेला क्लोरीनही त्यात मोजला जातो. डोळे झोंबवणारा तो वास या जुळलेल्या क्लोरीनचाच. वास आला म्हणजे क्लोरीन जास्त झाला, असं समजून डोस कमी करणारे बरेच आहेत. गुलाबी रंगाचं डीपीडी किट घ्या, त्यात मोकळा क्लोरीन वेगळा कळतो.

आता पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे त्याचा आकडा. स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यात 7.5 ला मोकळ्या क्लोरीनचा निम्मा भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो, 8 ला जेमतेम पाव. म्हणून आधी पीएच 7.2 ते 7.6 मध्ये आणा, मग क्लोरीनचा कॅन उचला. पण पीएच एका जागी टिकतो तो अल्कलिनिटीमुळे, म्हणजे पाण्याच्या आम्ल पचवायच्या ताकदीमुळे, आणि मुंबईत गाडी तिथेच अडते. भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी मृदू. असं पाणी चुन्याला भुकेलेलं असतं, ते टाइल्सच्या मधलं ग्राउट खातं. त्यात गोळ्या आम्लधर्मी, वर कोणी पाणी निवळायला तुरटी टाकतो, तीही अल्कलिनिटी खाते. सांधे खडबडीत झाले की कंत्राटदाराला शिव्या देण्याआधी अल्कलिनिटी मोजा. 80 ते 120 पीपीएम असावी. एक लाख लिटरच्या पुलात ती दहाने वाढवायला पावणेदोन किलो खायचा सोडा लागतो. कपड्याचा सोडा नको, त्याने पीएच एकदम चढतो. टँकर बोअरचा असेल तर उलटी तऱ्हा: पाणी जड, टाइल्सवर पांढरे थर.

पावसाळ्यात उघड्या पुलातून पाणी वाहून जातं, त्याबरोबर स्टॅबिलायझरही उतरतं. हे फुकटचं काम होऊ द्या. पण अल्कलिनिटीही तितकीच पातळ होते, म्हणून जुलैत सोड्याची गोणी हाताशी ठेवा. मोरचूद मात्र टाळा. शेवाळ मरतं, पण तांबं पाण्यातच राहतं आणि पुढे टाइल्सवर डाग पाडतं.

शेवटचं मागच्या रांगेसाठी. डब्यातल्या गोळ्या आणि हायपोची पावडर (कॅल्शियम हायपोक्लोराइट) एका चमच्याने काढायच्या नाहीत. दोन्ही एकत्र आल्या तर आग लागते, स्फोटही होतो. पीएच उतरवायचं ॲसिड आणि हायपो एका बादलीत गेले की क्लोरीन वायू सुटतो, आणि आपल्या पंप रूम बेसमेंटमध्ये, खिडकी नसलेल्या. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. कमिटीवाल्यांनी हातमोजे, गॉगल आणि एक्झॉस्ट फॅन यांची बिलं पुढच्या मीटिंगपर्यंत लांबवू नयेत. आता प्रश्न घेऊ, आणि पहिला मागच्या रांगेतून.