बॉनमचा उजवा पाय आणि जिन्यातला आवाज

मंडळी, लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचा ड्रमर जॉन बॉनम याचं नाव निघालं की आधी त्याच्या ताकदीच्या गोष्टी सुरू होतात. ताकद होतीच. पण लेड झेपेलिनच्या रेकॉर्डवरचा तो भारदस्त आवाज नुसता जोरात मारून निघत नाही.

त्याचा लुडविग कंपनीचा ड्रमसेट बघा. बेस ड्रम, म्हणजे पायाच्या पेडलने वाजवायचा मोठा ड्रम, एकच, पण 26 इंची. इतर बरेच जण 22 इंची वापरतात. फ्लोर टॉम (जमिनीवर उभे राहणारे ड्रम) 16 आणि 18 इंची, स्नेअर (खाली तारा लावलेला ड्रम) धातूचा, साडेसहा इंच खोल. एवढे मोठे ड्रम, पण तो ते चढ्या सुरातच लावायचा. नकल करणारे नेमके इथे फसतात. खर्ज हवा म्हणून हेड (ड्रमवर ताणलेला पडदा) सैल सोडतात, आत उशी कोंबतात, आणि मग ड्रम नुसता धप्प वाजतो, आस (ठोक्यानंतर रेंगाळणारा नाद) उरतच नाही. दोन्ही हेड ताणलेली असली की ठोका फुलतो आणि लांबपर्यंत पोचतो.

आता ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ ऐका, 1971 च्या चौथ्या अल्बममधलं. हॅम्पशायरच्या हेडली ग्रेंज या जुन्या घरात, जिन्याच्या पायथ्याशी ड्रम मांडले. इंजिनिअर अँडी जॉन्सने वर जिन्यात दोन माइक टांगले. बेस ड्रमला वेगळा माइक नाहीच! आवाज बिन्सनच्या एको यंत्रातून काढला, कंप्रेस केला, म्हणजे मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी केला. पण लांबच्या माइकपुढे लपवाछपवी चालत नाही. झांजा जरा जास्त बडवल्या की बाकी सगळं बुडतं, आणि नंतर मिक्सिंगमध्ये ते सुटं करता येत नाही. हा तोल बॉनमने हातापायांनीच राखलाय. खरी थोरवी मला तिथे दिसते. बीस्टी बॉइज या हिप-हॉप गटाने 1986 मध्ये तोच ठेका उचलला, आणि पुढे हिप-हॉपमध्ये तो पसरतच गेला.

त्याचा पाय म्हणाल, तर 1969 च्या पहिल्या अल्बममधलं पहिलंच गाणं, ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’. तिश्रातले (एका मात्रेत तीन सारखे ठोके) शेवटचे दोन ठोके एकाच पायाने, एकाच पेडलवर. बसवायचं असेल तर मेट्रोनोम 60 वर ठेवा. टाच उचललेली, पहिल्या ठोक्यानंतर पाऊल किंचित पुढे सरकवून दुसरा घ्या. दुसरा ठोका दबला, तर वेग वाढवू नका. बहुतेकांचा पाय घाईत पुढे पळतो, तिन्ही अंतरं सारखी राहत नाहीत आणि तिश्राची घोडदौड होते.

रेडिचमध्ये 31 मे 1948 ला जन्मलेला हा माणूस 25 सप्टेंबर 1980 ला अतिमद्यपानाने गेला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. डिसेंबरमध्ये बाकी तिघांनी बँड थांबवल्याचं जाहीर केलं. पुढे 10 डिसेंबर 2007 ला लंडनच्या ओटू अरीनात ते तिघे पूर्ण मैफलीसाठी एकत्र आले, तेव्हा ड्रमवर बॉनमचा मुलगा जेसन होता. पहिलं गाणं घेतलं ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’.